रात्री श्वास घेणारी एचेव्हेरिया

जुलैतल्या एका सकाळी माझ्या एचेव्हेरियाचं, म्हणजे जाड, रसाळ पानांच्या कुंडीतल्या झाडाचं, खालचं पान नुसतं बोट लागताच गळून हातात आलं. पिवळट, आरपार दिसणारं, पाण्यानं फुगलेलं. बुंधा दाबून पाहिला, तोही मऊ. वरचं पानांचंच बनलेलं निळसर फूल मात्र अजून तसंच देखणं होतं. दोन दिवसांत झाड बसलं. मी रोज न चुकता पाणी घालत होते, त्यानंच ते गेलं.

ही झाडं मुख्यतः मेक्सिकोच्या डोंगराळ भागातली. अतानासिओ एचेव्हेरिया या मेक्सिकन चित्रकाराचं नाव त्यांना १८२८ मध्ये मिळालं. तिथे त्यांतली कितीतरी खडकाच्या भेगेत, चिमूटभर मातीत वाढतात. पडलेलं पाणी लगेच निघून जातं, म्हणून साठा पानांत करायचा आणि तो जपून वापरायचा.

जपून म्हणजे कसा, याची एक जुनी नोंद भारतातली आहे, आणि ती आपल्या पानफुटीची आहे. बेंजामिन हाइन या वनस्पतिशास्त्रज्ञानं १८१३ च्या पत्रात लिहिलं, की पानफुटीची पानं सकाळी चुक्याइतकी आंबट लागतात, दुपारी बेचव होतात आणि संध्याकाळी किंचित कडवट. बहुतेक झाडं दिवसा पानांवरची छिद्रं उघडून कार्बन डायऑक्साइड घेतात, आणि त्याच छिद्रांतून त्यांचं पाणी उडतं. पानफुटी ही छिद्रं मुख्यतः रात्रीच्या गारव्यात उघडते आणि घेतलेला वायू मॅलिक आम्लाच्या रूपात साठवते. दिवसा छिद्रं बंद. आम्लातला कार्बन डायऑक्साइड मोकळा होतो आणि उन्हाच्या जोरावर त्याची साखर बनते. सकाळचा आंबटपणा त्या आम्लाचा. एचेव्हेरिया पानफुटीच्याच कुळातली, तिचंही हेच. कोरफड आणि घायपात कुळानं वेगळी, पण तीही अशीच जगतात.

पानांची कमळासारखी मांडणीही कामाची आहे. प्रत्येक नवं पान आधीच्या पानापासून साधारण १३७.५ अंश वळून येतं, त्यामुळे वरच्याची सावली खालच्यावर कमी पडते. उजेड कमी पडला की खोड लांबतं, पानं विरळ होतात आणि फूल विस्कटतं. लांबलेलं खोड पुन्हा आखूड होत नाही. पानांवरची पांढरी भुकटी म्हणजे मेण. ती उन्हापासून वाचवते. बोटानं पुसली तर त्या जागी परत येत नाही, तेव्हा कुंडी हलवताना बुडाशी धरा.

माती निम्मी, उरलेल्या निम्म्यात जाड वाळू आणि विटांचे तुकडे. बारीक वाळू नको, ती घट्ट बसते. कुंडीला भोक हवंच. अगरबत्तीची काडी मातीत खोल खुपसून पाहा. कोरडी निघाली तरच पाणी, तेही मातीवर, पानांच्या मधोमध नाही. खालची पानं लिबलिबीत आणि सुरकुतलेली दिसली तर तहान. फुगलेली आणि पारदर्शक दिसली तर कूज. पावसाळ्यात कुंडी छपराखाली, वाऱ्याच्या जागी ठेवा. मुंबई-कोकणात रात्रीही उकाडा असतो, तिथे ती जास्त जपावी लागते. पुण्या-नाशिकची थंडी तिला मानवते.

माझ्या मेलेल्या झाडाची चार पानं शाबूत होती. देठाकडचं टोक न तुटता काढली, तीन दिवस सावलीत वाळू दिली आणि कोरड्या मातीवर नुसती आडवी ठेवली. काही आठवड्यांनी त्यांतल्या दोन पानांना गुलाबी, केसासारखी मुळं आली, मग मोहरीएवढी पानांची फुलं. जुनं पान रोज थोडं आकसत होतं, त्याचं पाणी पिल्लाकडे जात होतं. ते ओढून काढू नये. कागदासारखं वाळलं की आपणच सुटतं.