नऊदा ४४, दहाव्यांदा ४५

यूएसबी २.० जोडणीचा कमाल वेग सेकंदाला ४८० मेगाबिट आहे आणि सीडीच्या दर्जाच्या गाण्याला सेकंदाला जेमतेम १.४ मेगाबिट पुरतात. तरीही यूएसबी हेडफोनमध्ये मधूनच ‘टक्’ असे वाजले की आपण वेगालाच दोष देतो. खरा प्रश्न वेळेचा असतो.

पेनड्राइव्हवर फाइल जाते तेव्हा प्रत्येक पॅकेटची पोच घेतली जाते आणि बिघडलेले पॅकेट पुन्हा पाठवले जाते, कारण तिथे उशीर चालतो, चूक चालत नाही. गाण्याचे उलटे आहे. वेळ टळल्यावर आलेला सूर निरुपयोगी, म्हणून त्यासाठी ‘आयसोक्रोनस’ हा वेगळा प्रकार ठेवला आहे: दर फेरीत जागा राखीव, पण पोच नाही आणि फेरपाठवणीही नाही.

फुल-स्पीड यूएसबीत (नाव असे असले तरी ही ४८० मेगाबिटांहून बरीच संथ पद्धत) संगणक दर मिलिसेकंदाला एक फ्रेम, म्हणजे एक फेरी, सुरू करतो. सीडीच्या ध्वनीत सेकंदाला ४४,१०० नमुने, म्हणजे ध्वनिलहरीची क्षणोक्षणी घेतलेली मोजमापे, असतात, म्हणजे प्रत्येक फ्रेमच्या वाट्याला ४४.१. नमुन्याचा दशांश पाठवता येत नसल्याने नऊ फ्रेममध्ये ४४ आणि दहावीत ४५ नमुने जातात. १६ बिटांच्या स्टिरिओसाठी अनुक्रमे १७६ आणि १८० बाइट. मला या हिशेबाचे फार कौतुक वाटते, पण तो एवढ्यावर मिटत नाही. संगणकाचे घड्याळ वेगळे आणि हेडफोनमधले, क्रिस्टलच्या ठोक्यांवर चालणारे, वेगळे. क्रिस्टल लाखात पाच भागांनी जरी मंद असला, तरी सेकंदाला सुमारे दोन नमुने न वाजता उरतात आणि साठा हळूहळू तुंबतो. म्हणून ‘असिंक्रोनस’ पद्धतीचे उपकरण संगणकाला अधूनमधून कळवते की मला फ्रेममागे ४४.१ नव्हे, ४४.०९७८ नमुने लागतात. मग संगणक एखाद्या वेळी ४५ ऐवजी ४४ पाठवतो.

सोन्याचा मुलामा दिलेल्या महागड्या केबलने आवाज ‘उबदार’ होतो, हा दावा इथे गळून पडतो. या पद्धतीत नमुना केव्हा वाजवायचा हे उपकरणातले घड्याळ ठरवते, केबल नव्हे. आणि केबल खराबच असेल तर सूर उबदार होत नाही, तुटतो.

बहुतेकदा मात्र केबल निर्दोष असते आणि दुसऱ्या कामात गुंतलेला संगणक पुढचे नमुने वेळेत तयार करत नाही. ध्वनिमुद्रण करणारे त्यावर साठा, म्हणजे बफर, वाढवतात. तो ५१२ नमुन्यांचा केला की टकटक बहुधा थांबते, पण माइकसमोरच्या गायकाला स्वतःचाच आवाज हेडफोनमध्ये निदान ११.६ मिलिसेकंद उशिरा ऐकू येऊ लागतो.