टोपणनाव निराळे, बनावट माणूस निराळा

सोलापुरातल्या विडी कामगारांच्या मजुरीवर आमच्या भागातल्या एका फेसबुक गटात मध्यंतरी बरेच दिवस चर्चा चालली होती. त्या चर्चेत दोन खाती खऱ्या नावाची नव्हती, आणि लोकांनी दोघांनाही एकच शब्द लावला : 'फेक'. ही गल्लत मला फार नुकसानकारक वाटते.

पहिले खाते एका पाखराच्या नावाचे आहे. त्यामागची मुलगी माझ्या ओळखीची आहे आणि तिची आई घरी विड्या वळते. मिळालेले विडीचे पान खराब निघाले तर हजार विड्यांचा आकडा पुरा करण्यासाठी पदरचे पैसे घालून पान विकत आणावे लागते, आणि एवढे करूनही जमा करताना काही विड्या खराब ठरवून बाजूला काढल्या की तेवढी मजुरी जाते, हे ती तारीखवार लिहिते. स्वतःच्या नावाने लिहिले तर आईचे काम बंद होईल, म्हणून नाव झाकलेले आहे. झाकले आहे ते एवढेच; पान, आई आणि कापलेली मजुरी खरी आहे.

मराठीला ही रीत नवी नाही. केशवसुत, गोविंदाग्रज आणि आपल्या सोलापूरचे कुंजविहारी ही सारी टोपणनावेच होत. टोपणनावाला स्वतःची पत असते, कारण काल काय लिहिले आणि आज काय लिहिले हे वाचक त्या एकाच नावाखाली ताडून पाहू शकतो आणि चूक सापडली तर त्याच नावाला जाब विचारू शकतो.

दुसऱ्या खात्यावर नाव, आडनाव आणि एका साध्यासुध्या बाईचा फोटो होता. "मीही पूर्व भागात राहते, रोज सकाळी नळाचे पाणी भरून विड्या वळायला बसते, आम्हाला काहीच तक्रार नाही," असे त्यात लिहिले होते. ज्या शहरात नळाला पाणी कितव्या दिवशी येणार याचा हिशेब घराघरांत तोंडपाठ असतो, तिथे 'रोज सकाळी' हे शब्द वाचूनच मी थबकलो. पुढच्या दोन दिवसांत आणखी चार खात्यांवरून हेच म्हणणे आले आणि पाचही ठिकाणी 'मजुरी' हा शब्द 'मजूरि' असाच लिहिलेला होता. पाच जणींच्या हातून तीच चूक होणे अशक्य नाही, पण पाचही खाती एकाच आठवड्यात उघडलेली असावीत, हा योगायोग मला पटत नाही.

येथे नाव झाकलेले नसून माणूसच रचलेला असतो. त्याच्या तोंडी अनुभव घातला जातो आणि एकाचे पाच करून संख्येचा आभास उभा केला जातो. आपण मत बनवताना 'किती जण असे म्हणतात' हे नकळत मोजत असतो, आणि हे मोजमाप फार कच्चे असते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मानसशास्त्रीय अभ्यासात, गटातल्या एकाच सदस्याने तेच मत तीनदा मांडले तरी ते जवळजवळ तीन वेगळ्या सदस्यांनी मांडल्याइतकेच सर्वमान्य असल्याचा वाचकांचा समज झाला. आवाज एकाचाच आहे हे कळत असताना जर असे होते, तर पाच निरनिराळे चेहरे दिसल्यावर काय होत असेल याची कल्पना करता येते.

मोठ्या प्रमाणावर हे कुठवर जाते याचे उदाहरण अमेरिकेतले आहे. २१ मे २०१६ रोजी ह्यूस्टन शहरात एका इस्लामी केंद्रासमोर परस्परविरोधी असे दोन जमाव आमनेसामने उभे राहिले. एका फेसबुक पानाने इस्लामीकरणाविरुद्ध, तर दुसऱ्याने इस्लामी ज्ञानाच्या रक्षणासाठी हाक दिली होती, आणि दोन्ही पाने रशियातल्या सेंट पीटर्सबर्ग येथील एकाच संस्थेतून चालवली जात होती. रस्त्यावर आलेली माणसे मात्र खरी होती, त्यांचा संतापही खरा होता.

आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ड नुसार, संगणकीय साधन वापरून तोतयेगिरीने फसवणूक केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्यात बोट फसवणुकीवर आहे, नाव न सांगण्यावर नाही, आणि हा भेद मला अत्यंत योग्य वाटतो.

आमच्या गटात मात्र उलटे घडले. चर्चा तापल्यावर 'ज्याने त्याने खरे नाव आणि पत्ता लिहावा, नाहीतर गट सोडावा' असा नियम ठरला. त्या पाचही खात्यांनी तासाभरात नाव, आडनाव, पेठ सगळे लिहून टाकले. पाखराच्या नावाचे खाते त्या रात्री बंद झाले.