फेब्रुवारीतला हिशेब: स्प्रिंग ट्रेनिंग आणि चाळिसांची यादी

फेब्रुवारीच्या मध्यावर अमेरिकेचा उत्तर भाग अजून बर्फात असतो, आणि नेमक्या त्याच आठवड्यात तिथल्या बेसबॉलवेड्यांच्या गप्पांना ऊत येतो. हंगामाआधीच्या सरावाला, म्हणजे स्प्रिंग ट्रेनिंगला, पिचर (चेंडू टाकणारे) आणि कॅचर (तो झेलणारे) कॅम्पवर हजर झालेले असतात, बाकीचे चार-पाच दिवसांत येणार असतात. पिचरना आधी बोलावतात कारण चेंडू टाकणारा हात तयार व्हायला वेळ लागतो. पहिल्या सामन्यात एखाद-दुसरी इनिंग (सामन्याच्या नऊ भागांपैकी एक), मग तीन, असं वाढवत मार्चअखेर पाच-सहापर्यंत न्यायचं असतं. आणि त्यांचे चेंडू झेलायला कोणीतरी हवंच, म्हणून कॅचर.

बाहेरच्या माणसाला वाटेल, चर्चा खेळाची चालली असेल. तीही असते. पण जरा कान देऊन ऐकलं तर निम्मं बोलणं एखाद्या हेडक्लार्कला शोभावं असं निघतं. अमक्याचे ऑप्शन संपलेत, खाली पाठवला तर दुसरी टीम उचलेल. तमका झकास खेळतोय, पण चाळिसांत जागा कुठाय? त्या दुखापतवाल्याला साठ दिवसांच्या यादीत टाका, एक जागा सुटेल. मैदानावर सराव चालू आणि प्रेक्षक कलमं मोजतायत (त्यांचा अर्थ पुढे येतोच), हे चित्र एका दिवसात तयार झालेलं नाही.

सुरुवात अगदी साधी होती: हिवाळ्यात खाऊन-पिऊन सुटलेली पोटं आत घेणं. १८७० मध्ये शिकागो आणि सिनसिनाटीचे संघ सरावासाठी दक्षिणेत न्यू ऑर्लिन्सला गेल्याची नोंद आहे. पण या प्रथेला खरं वळण लागलं ते १८८६ साली. शिकागो व्हाइट स्टॉकिंग्जचा कर्णधार कॅप अॅन्सन आपली माणसं घेऊन आर्कन्सॉमधल्या हॉट स्प्रिंग्जला गेला. डोंगर चढायचे, गरम पाण्याच्या कुंडांत घाम गाळायचा, हिवाळाभर प्यालेली बिअर बाहेर काढायची. त्या वर्षी शिकागोने नॅशनल लीग जिंकली. आता जिंकली ती गरम पाण्यामुळे की संघ मुळातच दांडगा होता म्हणून, हे कोणी तपासत बसलं नाही. बाकीचे मालकही दक्षिणेची तिकिटं काढू लागले. १८८८ मध्ये वॉशिंग्टनचा संघ फ्लॉरिडातल्या जॅक्सनव्हिलला सराव करून आला आणि लीगमध्ये शेवटचा ठरला, पण तोवर टूम रुजली होती.

फ्लॉरिडाला या धंद्याची किंमत आधी कळली ती अल लँग नावाच्या गृहस्थाला. पिट्सबर्गमध्ये लाँड्रीचा व्यवसाय करून तो सेंट पीटर्सबर्गला येऊन राहिला होता, पुढे तिथला महापौरही झाला. त्याचा हिशेब सरळ होता: संघ आला की वार्ताहर येतात, वार्ताहर आले की उत्तरेतल्या गारठलेल्या वाचकांना रोज आपल्या गावाचं नाव आणि तिथलं ऊन वाचायला मिळतं. १९१४ मध्ये त्याने सेंट लुई ब्राउन्सना गावात आणलं. त्यांचा मॅनेजर होता ब्रँच रिकी. हे नाव लक्षात ठेवा, कारण पुढची चाळीस वर्षं ते सारखं मध्ये येणार आहे.

पुढच्याच वर्षी डेटोना बीचवर एक गंमत घडली. ब्रुकलिनचा मॅनेजर विल्बर्ट रॉबिन्सन विमानातून टाकलेला चेंडू झेलून दाखवायला उभा राहिला. विमान चालवत होती रूथ लॉ ही त्या काळातली नामांकित वैमानिक. वरून आलं ते मात्र ग्रेपफ्रूट. ते रॉबिन्सनच्या अंगावर फुटलं, गरम रसाने तो माखला आणि आपण रक्तबंबाळ झालो असं समजून ओरडायला लागला. फ्लॉरिडातल्या सराव सामन्यांना ग्रेपफ्रूट लीग म्हणतात ते यावरूनच, असं सांगणारे बरेच भेटतात.

आता रिकीकडे वळू. १९२० च्या दशकात तो सेंट लुई कार्डिनल्सचा कारभार पाहत होता. श्रीमंत संघांशी पैशात टक्कर देता येत नाही म्हणून त्याने छोट्या शहरांतले मायनर लीग (खालच्या पातळीवरचे) संघ विकत घेण्याचा किंवा बांधून ठेवण्याचा सपाटा लावला. पोरं स्वस्तात घ्यायची, खाली वाढवायची, तयार झाली की वर आणायची, उरलेली विकायची. धंदा म्हणून युक्ती बिनतोड. खेळाडूच्या बाजूने पाहिलं तर कोंडवाडा. दुसऱ्या एखाद्या संघात आरामात मेजर लीग, म्हणजे सर्वोच्च पातळीवर, खेळू शकला असता असा पोरगा वर्षानुवर्षं खालीच कुजत पडायचा. १९३८ च्या वसंतात बेसबॉलचा सर्वोच्च प्रशासक, कमिशनर लँडिस याने कार्डिनल्सच्या पंखाखालच्या ७० हून अधिक खेळाडूंना एका फटक्यात मोकळं केलं.

आज चाहते ज्या कलमांवर डोकं खाजवतात, त्यांतली बरीचशी या साठेबाजीला आवर घालण्याच्या धडपडीतून आलेली आहेत. प्रत्येक संघाची चाळीस जणांची राखीव यादी असते, आणि त्यातले २६ प्रत्यक्ष खेळणारे. २०१९ पर्यंत ते २५ होते. चाळिसांतल्या खेळाडूला संघ तीन वेगवेगळ्या हंगामांत मायनर लीगमध्ये पाठवू शकतो, त्याला म्हणतात ऑप्शन. तीन संपले की त्याला खाली पाठवण्याआधी वेव्हरवर टाकावं लागतं, म्हणजे बाकीच्या २९ संघांना विचारावं लागतं, कोणाला हवाय का? म्हणून मार्चच्या शेवटी असं होतं की बरा खेळणारा तरुण खाली जातो आणि त्याच्याहून कमी दर्जाचा, पण ऑप्शन संपलेला गडी संघात राहतो. तरुण उद्याही आपलाच असतो, दुसरा आज सोडला तर गेलाच. चाहते मॅनेजरला शिव्या घालतात, पण बहुतेक वेळा हा निर्णय कॅम्प सुरू होण्याआधीच कागदावर झालेला असतो.

रूल फाइव्ह ड्राफ्ट हाही त्यातलाच. चार-पाच हंगाम मायनरमध्ये काढूनही ज्याला चाळिसांत घेतलं नाही, त्याला डिसेंबरमध्ये दुसरा संघ १,००,००० डॉलर भरून उचलू शकतो. अट एकच: पुढचा अख्खा हंगाम त्याला मेजर लीग संघात ठेवायचं, नाहीतर निम्म्या किमतीत मूळ संघाला परत देऊ करायचं. अशा खेळाडूचा मार्च कसा जात असेल? १९५४ च्या नोव्हेंबरमध्ये, या ड्राफ्टच्या जुन्या अवतारात, पिट्सबर्ग पायरेट्सनी ब्रुकलिन डॉजर्सच्या माँट्रियलमधल्या मायनर संघातून एका पोर्तोरिकन मुलाला ४,००० डॉलरला उचललं. तो रॉबर्टो क्लेमेंटे. आणि पायरेट्सचा कारभारी तेव्हा कोण होता, तर ब्रँच रिकी. खेळाडू दाबून ठेवण्यात ज्याने हयात घालवली, त्यानेच दुसऱ्याने दाबून ठेवलेला हिरा अलगद काढून नेला.

मधल्या काळात रिकीने आणखी एक गोष्ट केली होती, आणि तिच्यासाठी त्याचे बाकीचे गुन्हे माफ करायला मी तयार आहे. तेव्हा तो डॉजर्सचा कारभारी होता. १९४६ च्या वसंतात त्याने जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णीय खेळाडूला डॉजर्सच्या माँट्रियल संघाबरोबर फ्लॉरिडात आणलं. गोऱ्यांच्या बरोबरीने कृष्णवर्णीय खेळाडू मैदानात उतरणं तिथल्या शहरांना मंजूर नव्हतं. सॅनफर्डमध्ये धमक्या आल्या, रॉबिन्सनला गाव सोडावं लागलं. जॅक्सनव्हिलने मैदानाला कुलूप ठोकलं. डिलँडमध्ये दिवे नादुरुस्त आहेत म्हणून सामना रद्द केला; सामना दिवसा होता. डेटोना बीचने मात्र हरकत घेतली नाही, आणि १७ मार्च १९४६ रोजी तिथे रॉबिन्सन खेळला. ते मैदान आज त्याच्या नावाने ओळखलं जातं. पुढच्या वर्षी डॉजर्सनी सरावच क्युबात, हवानाला नेला, आणि १९४८ पासून व्हेरो बीचवरच्या नौदलाच्या जुन्या विमानतळावर आपली वसाहत उभी केली. तिथल्या बराकींत सगळे एकत्र राहू शकत होते. पिचरच्या सरावासाठी दोन खांबांमध्ये दोऱ्या ताणून रिकीने हवेत चौकट तयार केली होती; चेंडू त्या दोऱ्यांमधून गेला तर स्ट्राइक, म्हणजे योग्य टप्प्यातला चेंडू.

बाकी संघांच्या कृष्णवर्णीय खेळाडूंना गावातल्या वेगळ्या वस्तीत कोणाच्या तरी घरी उतरावं लागायचं, आणि हे साठच्या दशकापर्यंत चाललं. १९६१ मध्ये कार्डिनल्सच्या बिल व्हाइटने सेंट पीटर्सबर्गमध्ये याबद्दल जाहीर तोंड उघडलं, तेव्हा कुठे चक्र हललं.

अॅरिझोनातल्या सराव सामन्यांची कॅक्टस लीग १९४७ ची. क्लीव्हलँडचा मालक बिल व्हेक टूसॉनला आला, न्यूयॉर्क जायंट्सचे होरेस स्टोनहॅम फिनिक्सला. दोन संघांवर सुरू झालेली ती लीग आज १५ वर आहे, फ्लॉरिडातही १५. डॉजर्ससारखा साठ वर्षं व्हेरो बीचला राहिलेला संघही २००९ मध्ये अॅरिझोनात गेला. कारणं दोन: तिथली जवळपास सगळी मैदानं फिनिक्सच्या परिसरात आहेत, त्यामुळे फ्लॉरिडासारखे बसमध्ये तास घालवावे लागत नाहीत, आणि २००० साली मॅरिकोपा काउंटीच्या मतदारांनी हॉटेल आणि भाड्याच्या गाड्यांवरच्या करातून मैदानांसाठी पैसा द्यायला कौल दिला. अल लँगचाच हिशेब, फक्त रक्कम मोठी. आपल्याकडच्या वाचकाला यातलं एक गाव परिचयाचं वाटेल: फ्लॉरिडातलं ब्रॅडन्टन. उत्तर प्रदेशातले भालाफेकपटू रिंकू सिंग आणि दिनेश पटेल यांना पायरेट्सनी २००८ मध्ये करारबद्ध केलं आणि पुढच्या वसंतात ते तिथल्या कॅम्पवर होते. दोघांपैकी कोणीही मेजर लीगपर्यंत पोचला नाही.

आता दिवसांच्या मोजणीकडे, पण त्याआधी ती कुठून आली ते पाहू. १८७९ मध्ये मालकांनी आपापसांत ठरवलं की प्रत्येक संघाने पाच खेळाडू राखून ठेवायचे, त्यांना दुसऱ्याने हात लावायचा नाही. पुढे हे कलम सगळ्यांनाच लागू झालं. करार संपला तरी खेळाडू त्याच मालकाचा. खेळाडूच्या हातात एकच हत्यार उरलं: कॅम्पवर हजरच न होणं. म्हणून जुन्या काळी मार्चमधली ठळक बातमी असायची ती अडून बसलेल्यांची. १९३८ मध्ये जो डिमॅजिओने ४०,००० डॉलर मागितले, यांकीजचे मालक २५,००० वर ठाम राहिले. शेवटी तो २५,००० वरच परतला आणि वर प्रेक्षकांच्या शिव्या खाल्ल्या. १९६६ मध्ये डॉजर्सचे सँडी कोफॅक्स आणि डॉन ड्रायस्डेल दोघे मिळून अडून बसले. एकट्याने अडण्यापेक्षा जोडीने अडलेलं बरं, हे त्यांना उमगलं होतं. अनुक्रमे १,२५,००० आणि १,१०,००० पदरात पडले.

सरावाच्या महिन्यात पगार मिळतच नाही, हे अनेक जुन्या चाहत्यांनाही माहीत नसतं. पगार हंगामाचा, कॅम्पमध्ये फक्त भत्ता. तोही १९४७ पासून. रॉबर्ट मर्फी नावाच्या बॉस्टनच्या वकिलाने १९४६ मध्ये खेळाडूंची संघटना बांधायचा प्रयत्न केला. पायरेट्सच्या खेळाडूंनी संपाच्या बाजूने पुरेशी मतं दिली नाहीत आणि संघटना बारगळली, पण घाबरलेल्या मालकांनी आठवड्याला २५ डॉलर खर्चाला द्यायचं कबूल केलं. खेळाडू त्याला मर्फी मनी म्हणू लागले. मर्फीला स्वतःला काय मिळालं, तर हे नाव.

१९६६ च्या वसंतात मार्विन मिलर नावाचा पोलाद कामगार संघटनेतला माणूस कॅम्पोकॅम्पी हिंडला, खेळाडूंची मतं मिळवून त्यांच्या संघटनेचा प्रमुख झाला, आणि दहा वर्षांत खेळाचं अर्थकारण उलटंपालटं झालं. २३ डिसेंबर १९७५ रोजी लवाद पीटर साइट्झ यांनी अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली यांच्या बाजूने निकाल दिला: राखीव कलम म्हणजे जन्मठेप नव्हे. मालकांनी पुढच्या मार्चमध्ये कॅम्पना टाळं लावलं, कमिशनर कून यांनी ते उघडायला लावलं, आणि तडजोड झाली ती सहा वर्षांवर. सहा वर्षं मेजर लीग सेवा, मग खेळाडू मोकळा.

इथून मार्चचा अर्थच बदलला. सेवेचं एक वर्ष म्हणजे १७२ दिवस. हंगाम त्याहून थोडाच मोठा असतो. म्हणजे एखाद्या गुणी पोराला पहिले दोन आठवडे खाली ठेवलं की त्याचं वर्ष भरत नाही आणि तो संघाच्या हाती एक वर्ष जास्त राहतो. २०१५ मध्ये शिकागो कब्जच्या क्रिस ब्रायंटने सराव सामन्यांत ९ होम रन ठोकले, त्या वसंतात दुसऱ्या कोणाचेच एवढे नव्हते. तरी त्याला मायनरमध्ये धाडलं. सांगितलं, क्षेत्ररक्षणावर काम करायचंय. १७ एप्रिलला वर बोलावला. वर्षअखेर सेवेचे दिवस भरले १७१. त्या हंगामातला सर्वोत्तम नवोदित तोच ठरला. त्याने तक्रार नोंदवली, ती २०२० च्या जानेवारीत लवादाने फेटाळली, आणि तो मोकळा झाला २०२० ऐवजी २०२१ च्या हंगामानंतर. एक दिवस कमी पडला म्हणून पूर्ण वर्ष गेलं, आणि तेही नियमात बसवून.

मालक आणि खेळाडूंची संघटना यांच्यातला २०२२ चा करार मालकांनी पुकारलेल्या ९९ दिवसांच्या टाळेबंदीनंतर झाला, १० मार्चला, आणि त्या वर्षीचा सराव कसाबसा उरकला. त्यात ब्रायंटसारख्या प्रकरणांवर थोडा उतारा काढला गेला: नवोदितांच्या मतदानात पहिल्या दोघांत आलेल्याला पूर्ण वर्ष मिळतं, आणि जो संघ गाजलेल्या तरुणाला पहिल्या दिवसापासून खेळवतो त्याला पुढे ड्राफ्टमध्ये (नवे खेळाडू वाटून घेताना) एक जादा निवड मिळू शकते. एका हंगामात एका खेळाडूला पाचपेक्षा जास्त वेळा वर-खाली करता येणार नाही, हेही त्यातच ठरलं. त्यामुळे हल्ली मार्चमध्ये कोणी तरुण थेट संघात आला की चाहते लगेच हिशेब मांडतात, याला खेळासाठी घेतला की निवडीसाठी.

या सगळ्यात सराव सामन्यांच्या निकालांना कवडीची किंमत नसते. पिचर नवा चेंडू घोटत असतो, सातव्या इनिंगनंतर मैदानात ऐंशी-नव्वदच्या क्रमांकाची जर्सी घातलेली मायनरची पोरं असतात, बरोबरी झाली तर तसेच घरी जातात. २५ फेब्रुवारी २०२३ ला नॉर्थ पोर्टमध्ये ब्रेव्हज आणि रेड सॉक्सचा सामना असाच संपला: ६-६, तिन्ही बेस भरलेले, दोन बाद, आणि फलंदाज दोन चेंडूंमधली वेळ मोजणाऱ्या नव्या घड्याळाच्या वेळेत तयार झाला नाही म्हणून पंचांनी तिसरा स्ट्राइक देऊन त्याला बाद केलं. लोकांना आधी कळेचना काय झालं.

चालू कराराची मुदत १ डिसेंबर २०२६ ला संपते. २०२७ च्या फेब्रुवारीत पिचर आणि कॅचर वेळेवर हजर होतील का, यावरून पैजा लागायला सुरुवातही झाली आहे.