बाल व किशोर आरोग्य : प्राथमिक पातळीवरील उपचार

आजारी मूल ज्या डॉक्टरकडे किंवा आरोग्यसेवकाकडे सर्वांत आधी येते, तिथेच त्याची तक्रार ओळखणे, बरी होण्यासारखी असेल तर तिथेच बरी करणे आणि नसेल तर वेळ न दवडता पुढे पाठवणे, या कामाला बालक व किशोरांची प्राथमिक आरोग्यसेवा म्हणतात. तिची व्याप्ती नवजात बाळापासून किशोरवयाच्या अखेरीपर्यंत असते; जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ वर्षे हे किशोरवय धरते. लसीकरण आणि वाढीवर लक्ष ठेवणे हेही याच सेवेत येते. पण रोज दवाखान्यात येणारी बहुतेक मुले ताप, सर्दी-खोकला, जुलाब, कानदुखी, पोटदुखी नाहीतर अंगावरचे पुरळ घेऊन येतात.

यांतल्या बहुतेक तक्रारी फारशा औषधांशिवाय बऱ्या होतात, आणि खरी कसोटी तिथेच लागते. साध्या विषाणूज्वराने तापलेले मूल आणि मेंदूज्वराची सुरुवात झालेले मूल पहिल्या काही तासांत जवळजवळ सारखेच दिसू शकते. अशा वेळी डॉक्टरच्या हाताशी असते ती नीट पाहण्याची सवय आणि उद्या पुन्हा तपासण्याची मुभा. मधल्या वेळात मुलावर नजर ठेवतात ते आईवडील. म्हणून नेमके काय दिसले की लगेच परत यायचे, हे त्यांना साध्या शब्दांत सांगणे हा उपचाराचाच भाग आहे. ‘काही वाटलं तर या’ एवढे सांगणे पुरेसे नाही. घाबरलेल्या आईला सगळेच काहीतरी वाटत असते. ‘सहा-आठ तासांत लघवी झाली नाही, हाक मारूनही नीट जागं झालं नाही, श्वास घेताना फासळ्यांखाली खळगा पडू लागला, तर रात्र असली तरी निघा’ असे सांगितले की तिला पाहायचे काय ते कळते.

मूल पाहण्याची रीत

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी १९९०च्या दशकात पाच वर्षांखालील आजारी मुलांसाठी एकात्मिक उपचारपद्धती तयार केली. खोकला घेऊन आलेल्या मुलाला बऱ्याचदा जुलाब, रक्तक्षय किंवा कुपोषणही असते आणि एकाच तक्रारीकडे पाहिले की बाकीचे निसटते, हा तिच्यामागचा अनुभव. त्यामुळे या पद्धतीत आधी आजाराचे नाव शोधत नाहीत, मुलाची अवस्था पाहतात. मूल काही पीत नाही किंवा अंगावर ओढत नाही, घेतलेले सगळे उलटून टाकते, आकडी आली आहे, मलूल पडले आहे किंवा शुद्धीवर नाही, यांतली एक जरी खूण दिसली तरी त्याला तातडीने रुग्णालयात पाठवतात.

श्वास मोजणे ही या पद्धतीतली सर्वांत साधी आणि सर्वांत जास्त टाळली जाणारी तपासणी. बाळ आईच्या मांडीवर असावे, अंगातले झबले वर केलेले असावे. रडत्या बाळाचा श्वास मोजून उपयोग नाही. ते शांत होईपर्यंत थांबायचे, मग घड्याळ पोटाजवळ धरून पूर्ण एक मिनिट पोटाची वरखाली मोजायची. लहान बाळाचा श्वास एका लयीत चालत नाही. मध्येच भरभर होतो, मध्येच क्षणभर थांबतो. पंधरा सेकंद मोजून चारने गुणले तर आकडा हमखास चुकतो. दोन महिन्यांखालील बाळात मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त, २ महिने ते १ वर्षापर्यंत ५० किंवा जास्त आणि १ ते ५ वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त श्वास म्हणजे श्वास जलद. खोकल्यासोबत तो जलद असेल तर न्यूमोनियाची शंका घ्यावी लागते. श्वास संथ असेल, छाती आत ओढली जात नसेल आणि मूल हसतखेळत असेल, तर बहुधा साधा खोकला असतो. ज्याला घाई आहे त्यालाही हे एक मिनिट परवडते, कारण अँटिबायोटिक द्यायचे की नाही याचा निम्मा निर्णय त्यात होतो.

ताप

तापाचा आकडा पाहून पालक घाबरतात. डॉक्टरने मुलाकडे पाहायचे असते. ३९ अंश सेल्सिअस ताप असूनही खेळण्याकडे हात करणाऱ्या मुलापेक्षा ३८ अंशांवर मलूल पडलेले मूल जास्त काळजीचे. याला एक मोठा अपवाद आहे. तीन महिन्यांखालील बाळाचा ताप ३८ अंश (१००.४ फॅरनहाइट) किंवा जास्त भरला, तर ते कितीही छान दिसत असले तरी त्याच दिवशी रुग्णालयात तपासावे लागते. या वयात रक्तातला जंतुसंसर्ग बाहेरून फारसा कळत नाही.

पॅरासिटामॉल मुलाचा त्रास कमी करण्यासाठी द्यायचे, ताप शून्यावर आणण्यासाठी नव्हे. त्याची मात्रा वयावर नाही, वजनावर ठरते : दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, चार ते सहा तासांच्या अंतराने. इथे एक चूक वारंवार होते. थेंबांची बाटली आणि सिरपची बाटली यांतली औषधाची तीव्रता वेगळी असते, आणि सिरपच्या मापाने थेंब पाजले की मात्रा कित्येक पट होते. तेव्हा चिठ्ठीवर नुसते ‘अर्धा चमचा’ न लिहिता बाटलीची तीव्रता आणि मिलिलिटर लिहावेत, आणि मोजण्यासाठी घरातला चमचा वापरू नये असे सांगावे. ॲस्पिरिन मुलांना तापासाठी देत नाहीत. विषाणूज्वरात त्याचा संबंध राय (Reye) सिंड्रोम या यकृत आणि मेंदूवर आघात करणाऱ्या आजाराशी आढळला आहे. बर्फाच्या पाण्याने अंग पुसू नये. मुलाला हुडहुडी भरते आणि ते आणखी कष्टी होते.

तापातली आकडी ६ महिने ते ५ वर्षे या वयात येते. पाहणाऱ्याला मूल हातचे गेले असे वाटते, पण साधी आकडी काही मिनिटांत थांबते आणि मेंदूला इजा करत नाही. मुलाला कुशीवर वळवावे, तोंडात काहीही घालू नये, घड्याळ पाहावे. पाच मिनिटांपुढे गेली तर रुग्णवाहिका बोलवावी. पहिल्या आकडीनंतर मात्र मूल तपासून घ्यायलाच हवे, कारण ताप कशाचा हे शोधणे बाकी असते. काचेचा पेला दाबून धरल्यावरही न विरणारे जांभळट ठिपके तापासोबत दिसले, तर तपासण्यांची वाट पाहू नये. तो रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग असू शकतो.

जुलाब

जुलाबात मूल दगावते ते पाणी आणि क्षार निघून गेल्याने. उपाय स्वस्त आहे आणि त्यामागचे तत्त्व सुंदर आहे. जीवरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये मांडले की आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम जोडीने आत घेतले जातात आणि त्यांच्यामागे पाणी जाते. जुलाब चालू असतानाही ही वाट उघडी राहते. १९७१ मध्ये बांगलादेश मुक्तियुद्धाच्या काळात निर्वासितांच्या छावण्यांत पटकी (कॉलरा) पसरली आणि शिरेतून देण्याचे सलाईन संपत आले. तेव्हा डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचे पाणी नातेवाइकांच्याच हातून पाजायला लावले आणि मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने खाली आले. आजच्या ओआरएसमध्ये, म्हणजे पुडीपासून बनवायच्या या साखर-मिठाच्या पाण्यात, सोडियम आणि ग्लुकोज प्रत्येकी लिटरमागे ७५ मिलिमोल असतात.

दोन वर्षांखालील मुलाला प्रत्येक पातळ शीनंतर ५० ते १०० मिलिलिटर, त्याहून मोठ्याला १०० ते २०० मिलिलिटर द्यावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा चमच्या-चमच्याने सुरू करावे. गटागटा पाजल्यानेच बहुतेक वेळा ते उलटते. पुडी जितक्या पाण्यासाठी आहे तितक्याच पाण्यात पूर्ण विरघळवावी. अर्धी पुडी अंदाजाने घेतली तर क्षारांचे प्रमाण बिघडते. जोडीला जस्ताच्या (झिंकच्या) गोळ्या १० ते १४ दिवस : सहा महिन्यांखाली रोज १० मिलिग्रॅम, पुढे २०. अंगावरचे दूध आणि नेहमीचे जेवण चालूच ठेवायचे. जुलाब बांधणारी औषधे लहान मुलांना देऊ नयेत. अँटिबायोटिक लागते ते शीतून रक्त पडत असेल किंवा पटकीची शंका असेल तेव्हा. डोळे खोल गेलेले, पोटाची चिमटीत धरलेली कातडी सावकाश मागे जाते आणि मूल पिऊही शकत नाही, अशी अवस्था असेल तर घरचा उपाय पुरत नाही. शिरेतून पाणी द्यावे लागते.

सर्दी, कान, घसा आणि दमा

लहान मुलाला वर्षात सहा-आठ वेळा सर्दी होणे नेहमीचे आहे, आणि सर्दीनंतरचा खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळू शकतो. पहिल्याच भेटीत हे सांगितले तर पाचव्या दिवशी ‘औषध बदलून द्या’ म्हणून येणे टळते. खोकल्याच्या सिरपचा लहान मुलांना उपयोग सिद्ध झालेला नाही, धोका मात्र आहे. वर्षापुढच्या मुलाला झोपताना थोडा मध दिला तर खोकल्याला आराम पडतो. वर्षाखाली मध देऊ नये. त्यातून बोट्युलिझम, म्हणजे जंतूच्या विषाने स्नायू लुळे पडण्याचा आजार, होऊ शकतो.

कानदुखी दोन वर्षांपुढच्या, एरवी बऱ्या दिसणाऱ्या मुलाला असेल, तर वेदनाशामक देऊन दोन-तीन दिवस वाट पाहता येते. घसा दुखण्यामागे बहुधा विषाणू असतात. पण ५ ते १५ वर्षांच्या मुलाला खोकला नसताना ताप, टॉन्सिलवर पू आणि गळ्यात दुखऱ्या गाठी असतील, तर स्ट्रेप्टोकॉकस या जिवाणूचा विचार करून पूर्ण उपचार करायला हवा. तो राहून गेला तर संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडू शकतात. पुन्हापुन्हा घरघर लागणाऱ्या मुलाला दमा असू शकतो. ‘पंपाची (श्वासातून औषध ओढण्याच्या इनहेलरची) सवय लागते’ हा समज खोटा आहे, आणि त्या समजापायी मुले वर्षानुवर्षे धापा टाकत राहतात. पंपाला स्पेसर (पंप आणि तोंड यांच्यामध्ये बसवायची पोकळ नळी) लावला तर लहान मूलही औषध नीट ओढते.

वाढ, पोट आणि बद्धकोष्ठ

मुलाच्या प्रत्येक भेटीत वजन-उंची मोजून आलेखावर ठिपका द्यावा, मूल सर्दीसाठी आलेले असले तरी. एका ठिपक्यावरून फारसे कळत नाही. रेघ कुठे वळते आहे ते पाहायचे असते. जागतिक आरोग्य संघटनेचे २००६ चे आलेख सहा देशांतील, चांगले पोषण मिळालेल्या व अंगावर पाजलेल्या मुलांवरून बनवले आहेत. ६ ते ५९ महिन्यांच्या मुलाच्या दंडाचा घेर ११५ मिलिमीटरपेक्षा कमी भरला, तर ते तीव्र कुपोषण होय. जेवण सोडून दिवसभर दुधावर असणारी, फिकट दिसणारी दोन वर्षांची मुले बऱ्याचदा लोह कमी पडल्याने रक्तक्षयी असतात.

बद्धकोष्ठाकडे मात्र हवे तितके लक्ष जात नाही. एकदा शी करताना दुखले की मूल पुढच्या वेळी ती रोखते, पायाला पाय घासत कोपऱ्यात उभे राहते. पालकांना वाटते ते जोर करते आहे. खरे तर ते अडवत असते. खडा आणखी कडक होतो, आतडे ताणले जाते आणि शेवटी त्याच्या कडेने पातळ शी चड्डीत झिरपते. मग त्याला जुलाब समजून औषध दिले जाते, किंवा मुलाला मार बसतो. उपाय म्हणजे साचलेले आधी मोकळे करणे, नंतर शी मऊ ठेवणारे औषध काही महिने चालू ठेवणे, जेवणानंतर पाय टेकतील असे बसवणे आणि रागावणे बंद करणे. औषध लवकर थांबवले तर सगळे पहिल्यापासून सुरू होते. पाच वर्षांपर्यंत झोपेत लघवी होणे आजार मानत नाहीत. पण कोरडे झोपणारे मूल पुन्हा अंथरूण ओले करू लागले, त्याला तहान फार लागते आणि वजन उतरते आहे, तर त्याच दिवशी रक्तातील साखर पाहावी. पहिल्या प्रकारचा मधुमेह असाच सुरू होतो आणि काही दिवसांत जिवावर बेततो.

किशोरवय

या वयात आजार कमी आणि न बोललेल्या गोष्टी जास्त असतात. डॉक्टर मुलीला विचारतात आणि उत्तर आई देते, हे दृश्य रोजचे. म्हणून भेटीचा थोडा वेळ तरी मुलाशी किंवा मुलीशी एकट्याने बोलावे, आणि ‘या वयाच्या सगळ्यांशी मी असंच बोलतो’ असे आधीच सांगावे, म्हणजे कुणालाच संशय येत नाही. सांगितलेले गुप्त राहील, पण जिवाला धोका असेल किंवा कुणी छळत असेल तर गुप्त ठेवता येणार नाही, हेही तेव्हाच स्पष्ट करावे. प्रश्न घरापासून सुरू करून शाळा, मित्र, नशा, लैंगिक संबंध आणि मग मनःस्थिती अशा क्रमाने जावेत. ‘हेड्स’ नावाने ओळखली जाणारी ही मांडणी सोप्याकडून अवघडाकडे नेते. आत्महत्येचे विचार येतात का, हे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात शिरतो ही भीती निराधार आहे. या वयातले नैराश्य बऱ्याचदा उदासीपेक्षा चिडचिड, डोकेदुखी आणि शाळा बुडवणे या रूपांत येते. तपासण्या निर्दोष आल्या म्हणून ‘काही नाही’ म्हणून परत पाठवलेली मुले यांत असतात.

मुलींत आठव्या आणि मुलग्यांत नवव्या वर्षाआधी वयात येण्याच्या खुणा दिसल्या, किंवा तेराव्या-चौदाव्या वर्षापर्यंत काहीच दिसले नाही, तर तपास करावा. सुरुवातीची एक-दोन वर्षे पाळी २१ ते ४५ दिवसांनी येणे चालते. पंधराव्या वर्षापर्यंत आलीच नाही तर कारण शोधावे. पाळीतल्या दुखण्यावर आयब्युप्रोफेनसारखी गोळी दुखायला लागताच घेतली तर खूप फरक पडतो, कारण ती कळा आणणारे प्रोस्टाग्लँडिन हे शरीरातले रसायन तयार होणेच कमी करते. ‘सहन कर’ हा सल्ला इथे चुकीचा आहे. पुटकुळ्यांवरचे मलम दोन महिने नेटाने लावावे लागते. हे आधी सांगितले नाही तर मूल दहाव्या दिवशी ते फेकून देते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण होणाऱ्या एचपीव्ही या विषाणूवरची लस ९ ते १४ या वयात देतात.

मुलगा खालच्या पोटात अचानक दुखते म्हणून आला, तर अंडकोष तपासल्याशिवाय त्याला सोडू नये. लाजेने तो दुखण्याची जागा वर सांगतो. अंडकोषाला पीळ पडला असेल तर तो वाचवायला साधारण सहाच तास हातात असतात.

दमा, मधुमेह, अपस्मार असे कायमचे आजार असलेली मुले पुढे प्रौढांच्या डॉक्टरकडे जातात, आणि त्याची तयारी बाराव्या-तेराव्या वर्षापासून करावी लागते. औषधाचे नाव, मात्रा आणि ते कशासाठी हे प्रश्न त्यांनाच विचारायचे. पहिल्या खेपेला ती आईकडे पाहतात. आई गप्प राहिली तर तिसऱ्या-चौथ्या खेपेला स्वतः सांगू लागतात.