कॉलेजचा वेबमेल (ग्रामीण विदर्भ)

कॉलेजचा वेबमेल म्हणजे कॉलेजने स्वतःच्या डोमेनवर विद्यार्थ्यांना आणि स्टाफला काढून दिलेला ई-मेल, जो ब्राउझर उघडून कुठल्याही कम्प्युटरवर नाहीतर मोबाईलवर वाचता येतो, वेगळं सॉफ्टवेअर टाकावं लागत नाही. मेल सर्व्हरवर असतो म्हणून लॅबमधला पीसी बसला, मोबाईल हरवला तरी तो जागच्या जागी राहतो. पत्त्यात ॲटच्या पुढे कॉलेजचं नाव आणि शेवटी बहुतेक ठिकाणी एसी डॉट इन किंवा ईडीयू डॉट इन असतं. हे दोन्ही डोमेन अर्नेट इंडिया या सरकारी संस्थेकडूनच मिळतात आणि तेही शिक्षणसंस्थेलाच, म्हणून असा पत्ता दिला की समोरच्याला कळतं पोरगं खरंच कुठंतरी शिकतंय, आणि गिटहब या प्रोग्रामिंगच्या वेबसाइटचं स्टुडंट पॅक वगैरे सवलतींना हाच पत्ता उपयोगी पडतो. तालुक्याच्या कॉलेजात पोट्ट्यांना आयडी मिळते, ते वापरतातही, पण ती आपली नसून कॉलेजची आहे हे फायनल इयरपर्यंत कोणी सांगत नाही, आणि बऱ्याच भानगडी तिथूनच निघतात.

मागचं थोडक्यात

ब्राउझरमध्ये मेल वाचायची सवय लोकांना लावली ती हॉटमेलने, सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ या दोघांनी ४ जुलै १९९६ ला सुरू केलेली सेवा. आपल्याकडे रेडिफमेलही जोरात होता, जुन्या सरांच्या व्हिजिटिंग कार्डावर अजून दिसतो. ज्या कॉलेजांना जमलं त्यांनी स्वतःचा सर्व्हर ठेवून स्क्विरलमेल, राउंडक्यूब असले फुकटचे प्रोग्राम चालवले, दिसायला ओबडधोबड पण हलके, रडतखडत नेटवरही उघडायचे, फक्त जागा कमी आणि लाईन गेली, यूपीएसने मान टाकली की सगळ्या कॉलेजचा मेल बंद. १ एप्रिल २००४ ला जीमेल १ जीबी जागा घेऊन आला आणि २००६ पासून गुगलने तेच शिक्षणसंस्थांना त्यांच्या डोमेनवर फुकट द्यायला सुरुवात केली, आता त्याला गुगल वर्कस्पेस फॉर एज्युकेशन म्हणतात. मायक्रोसॉफ्टचंही असंच आहे. खेड्यापाड्यातल्या बऱ्याच कॉलेजांनी २०२० च्या लॉकडाऊनमध्ये घाईघाईने खाती काढली कारण गुगलच्या क्लासरूम आणि मीटवर तास घ्यायचे होते, एका एक्सेल शीटवरून शेकडो पोरांच्या आयड्या एका दुपारी बनल्या आणि मग ज्यांची नावं शीटमध्ये चुकली ती आयडीतही तशीच राहिली.

सगळीकडे सारखं नाही. बुलडाणा, अकोला, वाशिम, यवतमाळ, अमरावती हे जिल्हे अमरावती विद्यापीठाखाली, नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया नागपूर विद्यापीठाखाली, चंद्रपूर आणि गडचिरोली २०११ ला झालेल्या गोंडवाना विद्यापीठाखाली, पण आयडी द्यायची की नाही हे ज्याचं त्याचं कॉलेज ठरवतं. काही ठिकाणी सगळ्यांना मिळते, काही ठिकाणी फक्त स्टाफला, आणि छोट्या आर्ट्स-कॉमर्स कॉलेजांत खुद्द ऑफिसचाच पत्ता साधा जीमेलचा असतो.

खातं आणि पासवर्ड

आयडी ॲडमिशन झाल्यावर मिळते, कधी रोल नंबरवर, कधी नाव डॉट आडनाव. पहिला पासवर्ड सगळ्या वर्गाला एकच दिलेला असतो आणि पहिल्यांदा लॉगिन केलं की सिस्टीम बदलायला लावते, निदान ८ अक्षरांचा. इथं एक जुनी सवय आडवी येते. विदर्भातल्या बऱ्याच पोरांची आयुष्यातली पहिली मेल आयडी नेट कॅफेवाल्या दादाने किंवा सेतूवाल्याने महाडीबीटीचा शिष्यवृत्तीचा फॉर्म भरताना बनवलेली असते, पासवर्ड त्यानेच टाकलेला, रिकव्हरीला नंबर त्याचाच, आणि पोराकडे फक्त मागच्या पानावर पेनाने लिहिलेला पत्ता. मग कॉलेजची आयडी आली की तीही दादाकडेच नेतात, दादा लय चांगला माणूस असतो, पण सिझनमध्ये तो दिवसाला कित्येक पोरांचे फॉर्म भरतो, त्याच्या पीसीवर कोणाचं काय उघडं राहिलं हे त्यालाही माहीत नसतं.

टू-स्टेप, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक तपासणी, चालू असेल तर ओटीपी येतो, आणि घरात स्मार्टफोन एकच असला तर तो बाबांच्या नंबरवर येतो, बाबा वावरात. यावर उपाय आहे, गुगल ८ आकडी बॅकअप कोड १० देतं, ते वहीत उतरवून घरी ठेवायचे, एक कोड एकदाच चालतो. रिचार्ज न करता सोडून दिलेलं सिम काही महिन्यांनी बंद होऊन तो नंबर दुसऱ्या कोणाला मिळू शकतो, त्यामुळे नंबर बदलला की आधी मेलमध्ये बदला, सिम नंतर फेका. पासवर्ड विसरला तर साध्या जीमेलसारखी धडपड करायची गरज नाही, कॉलेजचा ॲडमिन, म्हणजे बहुतेक ठिकाणी कम्प्युटरचे सर किंवा लॅब असिस्टंट, दोन मिनिटात रीसेट करून देतो.

लॅबमध्ये एका पीसीवर एकामागून एक पोरं बसतात. विंडो बंद केली म्हणजे लॉगआउट झालं असं नसतं, वर कोपऱ्यातल्या गोल फोटोवर जाऊन साइन आउटच करावं लागतं, नाहीतर पुढचा पोट्ट्या तुमच्या नावाने मॅडमला काय पाठवेल सांगता येत नाही. विसरून गावाला निघून गेलात तरी एसटीत बसल्या बसल्या मोबाईलवरून गुगल अकाउंटच्या सिक्युरिटीत तुमची डिव्हाइस बघून तिकडचं लॉगिन काढता येतं.

दोन आयड्यांचा घोळ

सगळ्यात जास्त तक्रारी याच्या येतात आणि यात बिघाड काहीच नसतो. मोबाईलमध्ये आधीपासून घरची जीमेल असते, कॉलेजची नंतर जोडलेली. सर ग्रुपवर टेस्टच्या गुगल फॉर्मची लिंक टाकतात, पोरगं क्लिक करतं, स्क्रीनवर परमिशन हवी म्हणून येतं, आणि लगेच ग्रुपवर 'सर लिंक ओपन होऊन नाही राहिली'. लिंक बरोबर असते. सरांनी तो फॉर्म फक्त कॉलेजच्या डोमेनपुरता ठेवलेला असतो आणि मोबाईलने तो घरच्या आयडीने उघडलेला असतो. अकाउंट बदलायचं, परत उघडायचं, झालं. क्लासरूमचा कोड चालत नाही म्हणतात तेही बहुतेक वेळा हेच. पर्याय दिसत नसेल तर क्रोममध्ये इनकॉग्निटो उघडून त्यात फक्त कॉलेजच्या आयडीने लॉगिन करून लिंक टाका, हमखास चालतं. काही सर कंटाळून फॉर्म सगळ्यांना खुला करतात, मग कोण कुठल्या नावाने भरतं याचा पत्ता लागत नाही आणि मार्कांच्या यादीत भलतीच टोपणनावं येतात.

अटॅचमेंट, रेंज वगैरे

जीमेलमध्ये एका मेलला २५ एमबीपर्यंत पाठवता येतं, पण मेलमधून जाताना फाईल अक्षरांमध्ये बदलून जाते आणि साधारण एक तृतीयांशाने फुगते, म्हणून दुसऱ्या सर्व्हरवर जाणारी काठावरची फाईल कधी कधी परत येते. त्याहून मोठी असली की ती ड्राइव्हवर चढून फक्त लिंक जाते, आणि लिंकला परमिशन दिली नसेल तर परत वरचाच घोळ. मेळघाटात नाहीतर भामरागडकडे जिथं रेंज येते-जाते तिथं प्रॅक्टिकलच्या वहीचे पंधरा फोटो एका मेलला लावणं म्हणजे रात्रभर चक्री बघत बसणं, प्रत्येक फोटो ३-४ एमबीचा. स्कॅनर ॲपने एकच पीडीएफ बनवून साइझ कमी करा, तेच पंधरा पानं १-२ एमबीत बसतात. जीमेलचा तो साधा एचटीएमएलवाला लुक, जो टूजीवरही उघडायचा, गुगलने २०२४ मध्ये बंद केला, खेड्यातल्या लोकांना कोणी विचारलं नाही. त्याऐवजी क्रोममध्ये ऑफलाइन मेल चालू करता येतो, ७, ३० नाहीतर ९० दिवसांचे मेल पीसीत उतरतात, वाचून उत्तर लिहून ठेवा, नेट आलं की जातं. अर्थात यासाठी स्वतःचा पीसी पाहिजे, लॅबच्या पीसीवर हे करू नका.

मेल लिहायचा कसा हे कोणी शिकवत नाही, पोरं व्हॉट्सॲपसारखं लिहितात. ऑफिसच्या बाबूला सकाळी असा मेल येतो: विषय कोरा, आत फक्त 'सर बोनाफाईड पाहिजे अर्जंट', खाली आडव्या धरलेल्या मोबाईलने काढलेला अर्जाचा फोटो, त्यात अर्ध्या पानावर बोटाची सावली. बाबू आयडीवरून रोल नंबर शोधतो, तेवढा वेळ असला तर. विषयात 'बोनाफाईडसाठी अर्ज, बीए द्वितीय वर्ष' एवढं आणि खाली पूर्ण नाव, वर्ग, रोल नंबर, मोबाईल लिहिला की काम निम्मं झालं. मराठीतून लिहिलं तरी चालतं, फक्त जुन्या फॉन्टमधलं टाईप करून चिकटवू नका, समोर नुसते भलतेसलते अक्षरांचे तुकडे दिसतात, मोबाईलच्या मराठी कीबोर्डवरून युनिकोडमध्ये लिहा.

मेलबॉक्स भरला आहे, २४ तासात इथं पासवर्ड टाका, असा मेल कॉलेजच्या नावाने आला तर तो कॉलेजचा नसतो. शिष्यवृत्ती मंजूर झाली, आधी प्रोसेसिंग फी भरा, हाही त्यातलाच. पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, फोन करायचा.

आयडी कोणाची

आयडी कॉलेजची, आणि ॲडमिनला पासवर्ड बदलता येतो, खातं थांबवता येतं, पुसता येतं. जागाही आपली एकट्याची नाही, २०२२ पासून गुगल सगळ्या संस्थेला मिळून १०० टीबी देतं, आणि एखाद्या सरांनी प्रत्येक तासाचं रेकॉर्डिंग साठवलं तर त्याची कात्री बाकीच्यांना लागू शकते. म्हणून बँक, पीएफ, आधारशी जोडायचं काही, नोकरीचे फॉर्म, एमपीएससी-पोलीस भरतीचं रजिस्ट्रेशन, हे सगळं स्वतःच्या जीमेलवर करा. कॉलेजच्या आयडीवर भरती परीक्षेचं रजिस्ट्रेशन करून ठेवलं, टीसी निघाली, खातं बंद झालं आणि हॉलतिकीटचा मेल तिकडेच पडला, असं झालं की भरती बोर्डाकडे अर्ज करत फिरावं लागतं.

टीसी काढायच्या आधी गुगलच्या ट्रान्सफर पानावरून मेल आणि ड्राइव्हच्या फाईली घरच्या आयडीत कॉपी करता येतात, ॲडमिनने ती सोय बंद केली नसेल तर. बंद असेल तर प्रोजेक्ट, सर्टिफिकेट, मार्कशीट हाताने डाउनलोड करून घ्या. खातं पुसलं गेल्यावर ॲडमिनला ते २० दिवसांच्या आत परत आणता येतं, त्यासाठी त्याच कम्प्युटरच्या सरांना गाठावं लागतं आणि ते उन्हाळ्याच्या सुट्टीत गावाला गेलेले असतात.