रोगलाइक खेळांतील हातघाई

रोगलाइक म्हणजे चौकोनांच्या पटावर एकेक चाल करत खेळायचे संगणकीय खेळ. हातघाई म्हणजे त्यांत शेजारच्या चौकोनातील शत्रूशी होणारी लढाई. ‘रोग’ (१९८०) या खेळावरून या प्रकाराला नाव मिळाले. ‘नेटहॅक’ (१९८७) आणि ‘ब्रोग’ (२००९) त्याच घराण्यातले. वाराचे वेगळे बटण सहसा नसते, शत्रूच्या चौकोनाकडे पाऊल टाकले की तोच वार. खेळाडू चाल करेपर्यंत शत्रूही हलत नाही, त्यामुळे बोटांच्या चपळाईला किंमत नाही. नवखे खेळाडू मरतात ते बहुधा शस्त्र हलके म्हणून नव्हे, तर चुकीच्या चौकोनात उभे राहिल्यामुळे.

मोकळ्या दालनात आठही बाजूंनी घेरले जाता येते, अरुंद बोळात समोर एकच शत्रू उरतो. अजिंक्यताऱ्याचा दरवाजा पाहिलेल्या सातारकराला हे वेगळे सांगायला नको. कोल्ह्यांचा कळप दिसला की आधी बोळात मागे सरावे.

पहिला वार कोणाचा, हे अंतरावर ठरते. दोघांमध्ये एकच रिकामा चौकोन असताना आपण पुढे सरकलो, तर आपली चाल चालण्यात जाते आणि शत्रू आधी मारतो. तिथेच उभे राहून एक चाल जाऊ दिली तर तो चालत येतो व पहिला वार आपल्याला मिळतो. वेग सारखा असेल तरच हा हिशोब जमतो. नेटहॅकमध्ये माणसाचा वेग १२ असतो. १८ वेगाच्या प्राण्याला आपल्या दोन चालींत सरासरी तीन चाली मिळतात, त्याच्यापुढे पळून उपयोग नाही. जिन्यावरून निसटतानाही शेजारी चिकटलेला शत्रू मागोमाग येतो. मात्र बाकीचे मागेच राहतात, म्हणून घोळका फोडायला जिना उत्तम.

वार लागणे फाशावर असते. नेटहॅकमध्ये ढोबळमानाने १ + आपली अनुभव-पातळी + शत्रूचा चिलखत-अंक (त्याच्या बचावाचा आकडा) + शस्त्राची भर ही बेरीज वीस बाजूंच्या फाशाहून जास्त आली पाहिजे. पातळी ५, शत्रूचा अंक ४, तर बेरीज १०, म्हणजे ४५ टक्के. +२ भर असलेल्या तलवारीने ५५ टक्के. इथे चिलखत-अंक जितका कमी तितका बचाव पक्का, आणि गोंधळ नेमका इथेच होतो.

ब्रोगमध्ये कुऱ्हाड शेजारच्या सर्व शत्रूंना लागते, भाला ओळीतल्या दोघांना. गदेच्या वाराला दुप्पट वेळ लागतो.

काही प्राण्यांना हात लावूच नये. नेटहॅकमधला तरंगता डोळा स्वतः कधी मारत नाही, पण त्याच्याकडे पाहत वार केला तर खेळाडू १२७ चालींपर्यंत थिजू शकतो. तेवढ्यात एखादा उंदीरही त्याला संपवतो. डोळ्यांवर पट्टी बांधून मारावे, नाहीतर लांबून खंजीर फेकावेत.