ओपीडीतली सिस्टर आणि केस मॅनेजर सिस्टर: गल्लत नेमकी कुठे होते

ओपीडीतली सिस्टर काय करते हे कुणाला सांगावं लागत नाही. बीपी, वजन, लघवीची तपासणी, इंजेक्शन. पण जोखमीच्या गरोदरपणात प्रत्येक बाईचा पाठपुरावा करणारी केस मॅनेजर नर्स नेमली की लगेच ऐकू येतं, "म्हणजे तारखेची आठवण करून देणारी ना?" दवाखान्यातली माणसंही असंच बोलतात, तेव्हा फार वाईट वाटतं.

शिक्षण, गणवेश, टेबल कुठे, यातले फरक किरकोळ आहेत. खरा प्रश्न एवढाच, की बाई समोर नसताना तिची जबाबदारी कोणाची? ओपीडीतल्या सिस्टरचं काम बाई आत आली की सुरू होतं. केस मॅनेजरचं काम, ती आली नाही की वाढतं.

समजा, तिसाव्या आठवड्यात बीपी 142/92 भरलं. सिस्टरनी नीट मोजलं, चार तासांनी परत मोजलं, तेवढंच आलं. डॉक्टरांनी रक्त-लघवी तपासायला दिली. बाई घरी गेली. संध्याकाळी रिपोर्ट आला: लघवीत प्रथिनं नाहीत, पण प्लेटलेट एक लाखाच्या खाली. पुढची तारीख पंधरा दिवसांनी. प्रत्येकानं आपलं काम चोख केलं आणि रिपोर्ट फायलीत पडून राहिला. "लघवी स्वच्छ आहे" म्हणून निर्धास्त होणारे इथेच फसतात; प्रथिनं नसली तरी असं बीपी आणि एवढ्या कमी प्लेटलेट म्हणजे प्रीएक्लॅम्प्सियाच, म्हणजे गरोदरपणात बीपी वाढून आई-बाळाला धोका होणारा आजार. रिपोर्ट आला का, डॉक्टरांनी पाहिला का, बाईला कळवलं का, ही तिन्ही उत्तरं मिळेपर्यंत केस मॅनेजर त्या बाईचं नाव यादीतून काढत नाही.

केस मॅनेजरच्या फोनवर "बऱ्या आहात ना?" हा प्रश्न नसावाच. डोकं दुखतंय का, डोळ्यांपुढे चमकतंय का, उजव्या बरगडीखाली दुखतंय का, बाळ कमी हलतंय का, असं एकेक विचारायचं. आणि घरी बीपी 160/110 दिसलं तर तिच्या फोनची वाट न बघता थेट दवाखाना गाठायचा, हे तिनं आधीच बजावलेलं असतं.

बाळंतपणानंतर ओपीडीची फाइल मिटते. बीपी मात्र पहिल्या आठवड्यातही चढतं. ज्यांचं बीपी फार वाढलेलं होतं त्यांना 72 तासांच्या आत तपासायचं, बाकीच्यांना 7 ते 10 दिवसांत. गरोदरपणात मधुमेह होता त्यांची साखरेची तपासणी बाळंतपणानंतर 4 ते 12 आठवड्यांत. या तारखा केस मॅनेजरच्या यादीत असतात. म्हणूनच ओपीडीतल्याच सिस्टरला दुपारनंतर 'केस मॅनेजर' म्हणायची पळवाट मला मान्य नाही. गर्दीच्या दिवशी आधी समोरच्या बाईचं बीपी मोजलं जातं आणि यादी तशीच राहते.